नाकाशेजारचा काळा मणी, आणि पायलटला सनस्क्रीन लागतं का?

पिवळा मडगार्ड | ४ मार्च, रात्री ९.४०

मंडळी नमस्कार. मी म्हापशाचा पायलट. विमानाचा नव्हे, मोटारसायकलचा. गोव्याबाहेरचं कोणी वाचत असेल तर सांगतो, आमच्याकडे दुचाकीची टॅक्सी असते, तिचा पुढचा मडगार्ड पिवळा, आणि चालवणाऱ्याला पायलट म्हणतात. १९९४ पासून याच धंद्यात आहे. वय ५४. गिऱ्हाईक नसलं की स्टँडवर पेपर निधनवार्तांसकट वाचून होतो, मग मोबाईल. तसाच फिरत फिरत इथे पोचलो.

गोष्ट अशी. गेल्या चतुर्थीच्या सुमाराला नाकाच्या उजव्या बाजूला, नाकपुडीच्या जरा वर, मोहरीएवढा काळा मणी दिसला. बायको म्हणाली तीळ असेल, या वयातही येतात. मीही सोडून दिलं. आता तो तुरीच्या डाळीएवढा झालाय. कडेला मेण लावल्यासारखी चकाकी, मधे बारीक खळगा. दुखत नाही, खाजत नाही. पण तोंड पुसताना पंचा लागला की रक्त येतं. खपली धरते, आठ दिवसांनी पडते, चार दिवस बरं दिसतं आणि परत तेच.

आमच्या स्टँडवर पायलट सात आणि डॉक्टर आठ. एक म्हणतो, गेल्या मे महिन्यात सासुरवाडीला काजू भाजत होतास, तेव्हा तेल उडालं असणार. काजूच्या तेलाने कातडी कशी जळते ते मला ठाऊक आहे, दोन्ही मनगटांवर डाग आहेत, ते काही असे वाढत नाहीत. दुसरा म्हणतो चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लाव, चार दिवसांत गळून पडेल, जत्रेत तीळ काढणारे तेच लावतात. ते केलं नाही. तिसऱ्याचं ऐकलं आणि फसलो. एका फार्मसीत गेलो, काउंटरवरच्या पोराने मान वर न करता ट्यूब काढून दिली. दोन महिने लावली. मणी जागचा हलला नाही, भोवतालची कातडी मात्र पातळ लालसर झाली आणि आता उन्हात चटचट होते.

लिहायला बसलो ते परवाच्या फोटोमुळे. मुलगी कॉलेजात आहे. तिने घरी माझा फोटो काढला आणि मोठा करून दाखवला. कपाळावर हेल्मेटची सरळ रेघ. रेघेच्या वर मी गोरा (आमच्या मापाने), रेघेखाली तव्याचा बूड. दुसरी रेघ शर्टाच्या बाहीपाशी. हेल्मेटच्या काचेवर इतके ओरखडे पडलेत की संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे लाईट फुटून डोळ्यांत येतात, म्हणून काच कायम वर. वर्षं किती झाली, मोजलेली नाहीत. त्यात तीन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना स्टँडवरचं शिरीषाचं झाड पाडलं. तेव्हापासून गिऱ्हाइकाची वाट बघायची ती उन्हात, गाडीच्या सीटवर बसून. दुपारी सीट एवढी तापते की पेपर घालून बसावं लागतं.

मुलीने स्वतःची सनस्क्रीनची ट्यूब पुढे केली, पप्पा हे लावा. एक दिवस लावून गेलो. घामाने पांढरे ओघळ आले आणि स्टँडवर जाहीर झालं की आज रात्री दशावतार आहे, राजा आला. परत लावलं नाही.

तर विचारायचं असं. आमच्यासारख्या काळ्या कातडीला उन्हाने कॅन्सर होतो का? की ते गोऱ्या टुरिस्टांचं दुखणं? आणि या मण्यासाठी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जावं का? जायला हरकत नाही, पण एक दिवस बुडतो, आणि मार्च-एप्रिल हेच चार पैसे मिळायचे दिवस.

आगराकडचा | ४ मार्च, रात्री १०.२५

पायलटबाब, आधी बांबोळीला जा. दिवस बुडाला तर बुडाला.

मी आगरवाड्याचा. आमची आई मिठागरात काम करायची. जानेवारीच्या सुमाराला पाणी घेऊन आगर तयार करायचं आणि पाऊस येईपर्यंत मीठ काढायचं. डोक्याला फडकं बांधलेलं असायचं, तरी तिची हनुवटी खालून काळी आणि नाकपुड्यांच्या खालची कातडी सोललेली. लहानपणी कळायचं नाही की ऊन वरून पडतं मग हनुवटी खालून कशी भाजते. आगरात उभं राहिलं की कळतं. पाण्यावरून नि मिठावरून उजेड उलटा तोंडावर येतो. दुपारी डोळे उघडे ठेवता येत नाहीत.

आता ती ७१ची आहे, आगरात जात नाही. पण खालच्या ओठावर पांढरट खरखरीत पट्टा आहे, सोलला की परत येतो. आम्ही तूप लावतो. इथे कोणी जाणकार असेल तर त्याचंही सांगा.

सावली | ५ मार्च, सकाळी ६.५०

काका, मी त्वचारोगात एमडी करते आहे, दुसरं वर्ष. ड्यूटीवर जाण्याआधी लिहितेय, त्यामुळे विस्कळीत वाटेल.

मोबाईलवर निदान करणार नाही. पण चकचकीत कडा, मधे खळगा, बरं झाल्यासारखं होऊन परत रक्त आणि सहा महिन्यांत वाढ, एवढं कोणी सांगितलं तर मी त्याला दुसऱ्याच दिवशी ओपीडीत बोलावते. तुम्हीही या आठवड्यात जा. ट्यूब आजच बंद करा आणि ती बरोबर न्या, त्यात काय होतं ते डॉक्टरांना कळू द्या. चुना-सोडा चुकूनही नको. त्याने वरचं जळून पडतं, खालचं तसंच राहतं, वर व्रणाची कातडी धरते आणि मग आत काय चाललंय ते आम्हालाही लवकर दिसत नाही.

तुमच्या वर्णनावरून आधी जो वगळावा लागेल त्याचं नाव बेसल सेल कार्सिनोमा. नाव ऐकून घाबरू नका. कॅन्सरांतला हा सगळ्यात आळशी. महिनोन्महिने हळूहळू वाढतो, शरीरात दुसरीकडे सहसा जात नाही. पण जागच्या जागी पोखरत राहतो, आणि नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्यात पोखरायला असतंच किती? आत लगेच कूर्चा लागते. गोऱ्या माणसात तो मोत्यासारखा गुलाबी दिसतो. आपल्याकडे पुष्कळदा काळा असतो, म्हणून तीळ समजून वर्ष-दोन वर्षं निघून जातात. तुमच्या घरीही तीळच समजले ना?

काळ्या कातडीचं म्हणाल तर तुमचं निम्मं बरोबर आहे. कातडीतलं मेलॅनिन ही आपली जन्मजात छत्री. भारतात सगळ्या कॅन्सरांत त्वचेच्या कॅन्सरचा वाटा १ टक्क्याच्याही आत मानतात. पण ही छत्री पातळ कापडाची आहे. त्यातून रोज झिरपतं, आणि ३० वर्षांचं झिरपलेलं पेशींच्या आतल्या डीएनएमध्ये साठत जातं. आठ दिवस कळंगुटला लोळून लाल झालेल्या टुरिस्टाचं ऊन आणि तुमचं ऊन यांचा हिशोब वेगळा आहे.

त्यात आपण १५ अंश अक्षांशावर. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पणजीत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, दुपारी साडेबाराच्या जरा पुढे, आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अतिनील किरणांचा निर्देशांक असतो, यूव्ही इंडेक्स. ३च्या वर गेला की जपायचं, ११च्या वर म्हणजे अतितीव्र. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी तो ११ ओलांडतो. जानेवारीत वारा गार लागतो तरी भर दुपारी ६च्या वर असतोच. उकाडा आणि अतिनील यांचा फारसा संबंध नाही, पातळ ढगांतूनही बरंचसं येतं. हे सगळं लक्षात ठेवायचं नसेल तर स्वतःची सावली बघा. सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की ऊन कडक.

आगराकडच्या दादांना: कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील परत फेकते, समुद्राचा फेस २५ टक्के. आईंची हनुवटी त्यामुळेच. ओठाचा पट्टा मात्र तूप लावून बघत बसायचा नाही. खालचा ओठ ऊन झेलतो आणि तिथे जो कॅन्सर होतो, स्क्वॅमस सेल, तो आळशी नसतो, मानेतल्या गाठींत जाऊ शकतो. खरखरीत पट्टा ही बऱ्याचदा त्याच्या आधीची पायरी असते, आणि या पायरीवर उपचार सोपे आहेत. तपकीर किंवा तंबाखूची मिसरी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. काकांबरोबर त्याच गाडीवर आणलंत तरी चालेल.

निवृत्त मास्तर | ५ मार्च, सकाळी ११.१०

आमचे आजे-पणजे जन्मभर शेतात राबले. लंगोटीवर. कोणाला कसला कॅन्सर झाला नाही आणि कोणी तोंडाला ट्यूब फासली नाही. पहाटे जोत धरायचं, अकराच्या सुमाराला घरी, पेज नि खारातली कैरी, मग पडवीत आडवे. ऊन कललं की परत. ही नवी फॅडं कंपन्यांनी आणली.

सावली | ५ मार्च, दुपारी २.०५

मास्तर, अकराला पेज आणि ऊन कललं की परत! मी ओपीडीत रोज घसा कोरडा करून हेच सांगते, तुम्ही तीन ओळींत सांगितलंत. मधले चार तास ते पडवीत होते. काका त्या चार तासांत तापलेल्या सीटवर बसून असतात.

तारवटी | ५ मार्च, दुपारी ४.३०

बोटीवर आहे, उद्या नेटवर्क नसेल म्हणून घाईत. पूर्वी ऑस्ट्रेलियाच्या लाईनवर होतो. तिथे १९८१ पासून टीव्हीवर एक कार्टूनमधला समुद्रपक्षी नाचत सांगतो: स्लिप, स्लॉप, स्लॅप. शर्ट चढव, क्रीम थाप, टोपी घाल. तिथल्या बंदरावरचे मजूर ४० डिग्रीत पूर्ण बाह्यांचे शर्ट नि मानेवर झालर असलेल्या टोप्या घालतात, कोणी हसत नाही. आणि काळ्यांना होत नाही म्हणणाऱ्यांनी हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात टी-शर्ट बघावेत. त्यांवरचा जमैकाचा गायक बॉब मार्ले कशाने गेला? त्वचेच्या कॅन्सरने. वय ३६.

सावली | ५ मार्च, रात्री ८.४०

बरोबर, पण तो उन्हाचा नव्हता. मार्लेला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, झाला होता, तो गेला १९८१ मध्ये. काळ्या-सावळ्या माणसांत मेलॅनोमा क्वचित होतो, आणि झाला तर बहुतेक तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली, जिथे ऊन पोचतच नाही. तिथे सनस्क्रीनचा उपयोग नाही, नजरेचा आहे. नखात काळी उभी रेघ येऊन रुंद होत असेल, तळपायावरचा डाग वाकड्यातिकड्या कडांनी पसरत असेल, एकाच डागात दोन-तीन रंग असतील, तर दाखवायचं. आंघोळीनंतर महिन्यातून एकदा तळपाय बघायला किती वेळ लागतो?

फार्मसीवाली बाय | ६ मार्च, सकाळी ९.१५

पायलट दादा, त्या काउंटरवरच्या पोराच्या वतीने मीच कान पकडते. पंधरा वर्षं या धंद्यात आहे. तुम्हाला मिळाली ती ट्यूब स्टेरॉईड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक अशी खिचडी असणार. खाज आणि लाली लगेच दबते म्हणून लोक स्वतःच मागून नेतात. पण स्टेरॉईड चेहऱ्यावर महिनोन्महिने चोळलं की कातडी कागदासारखी पातळ होते आणि ऊन सोसत नाही. तुमचं चटचटणं बहुधा तेच.

आता सनस्क्रीन. दशावतारी राजा होतो तो झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडच्या घट्ट क्रीममुळे. ते वाईट नव्हे, पण सावळ्या कातडीवर पांढरं उठतं. हल्ली जेलसारखी येतात, रंगवलेलीही येतात. वेष्टनावर तीन गोष्टी बघा: एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए तीन प्लस, आणि वॉटर रेझिस्टंट. एसपीएफ म्हणजे भाजणाऱ्या अतिनीलचं, यूव्हीबीचं, माप, आणि पीए म्हणजे खोल जाणाऱ्या अतिनीलचं, यूव्हीएचं. ३० वाला सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतो, ५० वाला ९८. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजायला मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. पण लोक लावतात वाटाण्याएवढं, मग ३० चा धड १० पण उरत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ काढा, तेवढं तोंडाला आणि मानेला. दिवसात दोनदा म्हटलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. म्हणून पायलटाने फक्त ट्यूबवर भिस्त ठेवू नये. कापड एकदाच विकत घ्यावं लागतं.

खोबरेल लावून उन्हात जाणारे पण येतात. ते सनस्क्रीन नव्हे हो.

आणि एक, जे कोणी सांगत नाही. तुम्ही बीपीची गोळी घेता? नावाच्या शेवटी एच किंवा एचसीटी असेल तर त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. त्याने कातडी उन्हाला हळवी होते, आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत त्वचेच्या काही कॅन्सरांचा धोका वाढतो असा इशारा युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये दिला. स्वतःहून बंद करू नका, बीपी चढेल. डॉक्टरांना विचारून बदलता येते. पावसाळ्यात लेप्टोसाठी देतात ती डॉक्सीसायक्लिन, तिनेही ऊन बाधतं.

पांढरी टॅक्सी | ६ मार्च, रात्री ११.००

काचेच्या आत बसतो म्हणून मी सुखी समजू नका. माझा उजवा हात नि डावा हात दोन वेगळ्या माणसांचे वाटतात. काचेवर काळी फिल्म लावायचो, २०१२ साली सुप्रीम कोर्टाने ती बंद केली. आता कळलं की बाजूच्या साध्या काचेतून यूव्हीबी अडतो, यूव्हीए येतो. शंभर रुपयांच्या हातमोज्यासारख्या बाह्या मिळतात त्या घेतल्या. फक्त उजवीच वापरतो, डावी कपाटात पडून आहे. कोणाला हवी तर सांगा.

पिवळा मडगार्ड | १२ एप्रिल, रात्री ९.१५

महिनाभर गप्प होतो, सांगायला उशीर झाला.

सावली म्हणाली तेच निघालं. बांबोळीला गेलो, आगराकडच्या दादाच्या आईला मागे बसवूनच (भाडं घेतलं नाही, तिने डझनभर अंडी दिली). माझ्या नाकावर लाईट असलेलं भिंग टेकवून आधी एका डॉक्टरने बघितलं, मग त्याने दोघांना बोलावून दाखवलं. नंतर सुई देऊन जागा बधिर केली आणि बॉलपेनच्या रिफिलएवढ्या गोल पात्याने तुकडा काढला. मोजून पाच मिनिटं. दहा दिवसांनी कागद हातात: बेसल सेल कार्सिनोमा, काळ्या जातीचा.

कागद घेऊन बाहेर बाकावर बसलो. मराठीत छापलेलं असतं तर कदाचित कमी भीती वाटली असती, किंवा जास्त. बायकोला फोन लावला आणि नुसतंच म्हटलं, तो तीळ नव्हता.

ऑपरेशन २७ मार्चला. जागा बधिर करून, मी जागा, डॉक्टरांच्या गप्पा ऐकत. मणी तुरीच्या डाळीएवढा, पण भोवती चार मिलिमीटर चांगली कातडी घेऊन काढला. कडेला काही उरू नये म्हणून. तेवढं भोक मिटवायला गालाकडची कातडी सरकवून आणली, नऊ टाके. आठवड्याने टाके काढले. परवा दुसरा रिपोर्ट आला, कडा स्वच्छ. आता सहा महिन्यांनी परत दाखवायचं, कारण एकदा झालेल्याला दुसऱ्या जागी नवा होऊ शकतो. बीपीची गोळीही एचवाली निघाली, बदलली. आगराकडच्या आईच्या ओठाला औषध सुरू झालंय, ते दादाच सांगेल.

दोन आठवडे हेल्मेट घालता येत नव्हतं, म्हणजे गाडी बंद. ऐन सीझन गेला तो गेला. त्या दिवसांत हेल्मेटची काच बदलून आणली. डॉक्टर म्हणाले पॉलिकार्बोनेटची काच बहुतेक सगळं अतिनील अडवते, खाली असली तर. नवी काच लावून रात्री करासवाड्यापर्यंत जाऊन आलो. समोरचे लाईट फुटत नाहीत. एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं नाक उघडं टाकलं होतं!

पांढरा पातळ शर्टही सोडला. घामाने ओला झाला की त्यातून आणखी ऊन आत येतं म्हणे. आता गडद रंगाचा, घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा. उकडतं, खोटं कशाला सांगू. क्रीम जेलवालं आणलं, सकाळी निघताना एकदा आणि साडेअकराला एकदा. साडेअकराची ट्यूब स्टँडवर काढली की अजून कोणीतरी मृदंग वाजवल्यासारखं सीटवर थाप मारतो. गेल्या आठवड्यात त्यातल्याच एकाने, सगळे भाड्यावर गेलेले बघून, मला बाजूला घेतलं आणि कानामागचा डाग दाखवला. तो बांबोळीला सोमवारी जातोय.

झाडाचं म्हणाल तर आम्ही सातजणांनी पैसे काढून विजेच्या खांबापासून समोरच्या भिंतीपर्यंत निळी ताडपत्री बांधली होती. पहिल्याच वाऱ्यात एक टोक सुटलं. आता जाड दोरी आणलीय. मास्तर, एक ते तीन मी घरी जातो. पेज नाही, भात-हुमण असतं, पण आडवा होतो.

पांढरी टॅक्सी, ती डावी बाही मला चालेल. म्हापशाला आलात की स्टँडवर टाका.